भिंतीपलीकडच्या बाईचे संवाद

वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही आधी हसलोच होतो. पण हे जिच्यावर गुदरलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि मावशी राईचा पर्वत करणाऱ्यांतली नाही. पर्वत समोर आला तरी "बघू नंतर" म्हणून पुढे जाईल अशी बाई.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, दुपारचे तीन. फर्निचरच्या दुकानाखाली तळघरात असलेला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ.

मावशी डबिंग कलाकार. तीस वर्षं आवाजावरच पोट. जाहिरातीतली सासू, कार्टूनमधली मांजर, विमानतळावरच्या सूचना, सगळं करून झालेलं. त्या दिवशी काम होतं व्हिडिओ गेमचं. जादूगार, राक्षस, तलवारी असलेला एक गाजलेला गेम होता आणि त्याला जोडून नवा भाग येणार होता. नवा प्रदेश, नवी माणसं. त्यातल्या एका किल्ल्यात एका बाईला जिवंत चिणलेलं असतं. खेळणाऱ्याला ती दिसत नाही, भिंतीतून नुसती ऐकू येते.

ती बाई म्हणजे आमची मावशी.

चाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळ जवळून, दुरून आणि दमलेल्या आवाजात म्हणायची.

तिथल्या रेकॉर्डिस्टला सगळे गोगलगाय म्हणतात. कामात पक्का, पण चहा आणायला गेला तर येईपर्यंत चहाचं सरबत होईल. त्याने मावशीला बूथमध्ये बसवलं. बूथ कसला, कपाटाचा मोठा भाऊ. चहूकडून जाड फोम, एक जड दार, समोर काच. काचेपलीकडे गोगलगायची खुर्ची. माइक इतका तिखट, की पोटातली गुरगुरही पकडतो.

गेम कंपनीच्या दिग्दर्शक बाई परगावाहून हेडफोनमध्ये बोलणार होत्या. मावशीने त्यांचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. त्या येईपर्यंत दहा-बारा ओळी उरकल्या. मग गोगलगायने खुणेने सांगितलं, दोन मिनिटांत आलोच.

तो गेला.

आणि हेडफोनमध्ये... कुणीतरी श्वास घेतला.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?"

बाईचा आवाज. शांत, जरा घोगरा. मावशीने हो म्हटलं. दिग्दर्शक बाई आल्या, एवढंच तिला वाटलं.

बाई कामाला वाघ निघाली. "कुणी आहे का तिकडे?" ही एकच ओळ आठ वेळा म्हणून घेतली. अजून दुरून म्हणा. तोंडात माती गेल्यासारखं म्हणा. मावशीला उलट बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

मग बाई म्हणाली, "आता कागद बाजूला ठेव."

तुम्हीचं तू कधी झालं, मावशीला कळलंही नाही.

"म्हण... मी आत आहे."

मावशीने म्हटलं.

"म्हण... मला सवय झाली."

तेही म्हटलं.

"म्हण... मी इथेच राहते, तू जा."

मावशीने कागद पुन्हा हातात घेतला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं... एसीची घरघर थांबलीय. वरच्या दुकानातली ठोकाठोकही. हेडफोनमध्ये स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाहीये.

ही ओळ कागदावर नाही, रेकॉर्डिस्ट आला की बघू, असं तिने कसंबसं सांगितलं.

"तो आलाय."

खरंच आला होता. गोगलगाय खुर्चीत बसलेला, कानाला हेडफोन. माइककडे बघत मान डोलावत होता. मग त्याने अंगठा वर केला. छान झालं.

मावशी तर गप्प होती.

ती उठली. दोन्ही हात हलवले. काचेवर थापा मारल्या... आवाजच आला नाही. गोगलगाय मघाच्याच जागेकडे बघत होता, तिच्या रिकाम्या स्टुलाकडे. कागदावर बरोबरच्या खुणा करत होता. एक ओळ झाली. दुसरी झाली. उरलेल्या ओळी कुणीतरी भराभर म्हणत होतं.

तिने दार गाठलं. मूठ फिरली, फिरतच राहिली. दार तसूभर हललं नाही.

हेडफोन काढून फेकला.

"म्हण."

आवाज आता... फोममधून येत होता. चारही बाजूंनी.

मावशी मला म्हणाली, "मरायची भीती नाही वाटली रे. माझ्यावाचून पलीकडे सगळं सुरळीत चाललं होतं. मला शोधायला कुणी येणारच नव्हतं."

शेवटी तीस वर्षांचा अनुभव कामी आला. तिने माइकची केबल धरली आणि खस्सकन उपटली.

पलीकडे गोगलगायच्या कानात फटाका फुटला असणार. त्याने हेडफोन ओढून काढला, वर बघितलं आणि काचेला चिकटलेली मावशी त्याला दिसली. एसी घरघरू लागला. त्याने येऊन दार ढकललं. सहज उघडलं.

"ताई, शेवटची ओळ चालू होती," तो वैतागून म्हणाला. "केबल कशाला काढलीत?"

मावशी जिन्यावर बसली. अर्धी बाटली पाणी प्यायल्यावर तिने विचारलं, कुठे गेला होतास. तो म्हणाला, दिग्दर्शक बाईंचा फोन घ्यायला. त्यांना आज जमणार नव्हतं.

एकोणचाळीस ओळी झाल्या होत्या.

मावशीने त्या ऐकल्या नाहीत. सगळं पुसून टाक म्हणाली. पण गोगलगायने पुसलं नाही, पाठवून दिलं. इतकं चांगलं काम ताईंनी आजवर केलं नव्हतं म्हणे. बिचाऱ्याने कौतुकानेच सांगितलं.

दोन महिन्यांनी कंपनीचा मेल आला. काम सगळ्यांना फार आवडलं. गेमच्या श्रेयनामावलीत दोघींची नावं द्यायची आहेत, तरी दुसऱ्या बाईंचं नाव कळवावं.

मावशीने उत्तर दिलं नाही. गोगलगायलाही देऊ दिलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा मेल... एकच ओळ.

नाव मिळालं, धन्यवाद.

ते कुणी कळवलं, माहीत नाही. काय कळवलं, हे विचारायचा मावशीला अजून धीर झालेला नाही. नवा भाग कधीच बाजारात आलाय. माझ्या मावसबहिणीकडे आहे, तिचे मित्र तर दिवसरात्र खेळतात. नामावली येते ती खेळ पूर्ण संपल्यावर.

आमच्या घरात तो अजून कुणी संपवलेला नाही.