दुपारी लपणारा तारा

"आजही बंद!" भोवरा ओरडली आणि तिने सायकल दुकानाच्या शटरवर आदळली.

भोवरा हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. पण जी मुलगी बसल्या जागी पाय हलवते, उभ्या जागी गिरकी घेते आणि झोपेतही पलंगाची दिशा बदलते, तिला शाळेने दुसरं काय म्हणावं? सुट्टीसाठी ती मावशीकडे वेधशाळेच्या वसाहतीत आली होती. तिथे मोबाईलला बंदी, टीव्हीला बंदी, रिमोटच्या गाडीलासुद्धा बंदी. भल्यामोठ्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातली कुजबुज ऐकायची असते, त्यात आपली यंत्रं बडबडतात, असं कारण होतं. उरली होती एक सायकल, आणि तीही पंक्चर.

"चार दिवस जेवून उठलं की ही ढकलत आणतोय," तिचा मावसभाऊ वकील म्हणाला. तो चौदा वर्षांचा होता, पण 'शुभ सकाळ' म्हटलं तरी पुरावा मागायचा. "दुकानदार फरार आहे. दुसरा निष्कर्षच निघत नाही."

"किंवा मेला असेल!" पुरवणी आनंदाने म्हणाली. ही वकिलाची धाकटी बहीण. ती दोघं जिथे जातील तिथे ही मागून जोडलेली असायची, म्हणून पुरवणी.

शटर हातभर वर गेलं. खालून एक झोपाळू चेहरा बाहेर आला.

"मेलो नाही, झोपलोय! रोज दोन ते चार झोपतो. सकाळभर दुकान उघडं टाकून बसतो तेव्हा एक जण फिरकत नाही. माझा डोळा लागला की बरोबर हजर!"

शटर धाडकन खाली आलं.

"फरार म्हणे," भोवरा म्हणाली.

"पुरावा अपुरा होता," वकिलाने शांतपणे मान्य केलं.

तिघं घरी परतली तर मावशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत होती. ती खगोलशास्त्रज्ञ होती. चांगल्या दिवशी ती बसून चहा प्यायची.

"आजही काही नाही?" वकिलाने विचारलं.

"काही नाही. शनिवारी समिती बसते आहे. त्याआधी ठोका मिळाला नाही, तर माझं काम बंद. मग मुख्यालयात जाऊन वार्षिक अहवाल लिहायचे."

"म्हणजे हे घर सोडायचं?" पुरवणीचा चेहरा एवढासा झाला.

भोवरा ओट्यावर चढून बसली आणि पाय हलवू लागली. "नीट सांग ना मावशी. कसला ठोका?"

"अवकाशात एक दुर्बीण फिरतेय, गॅमा किरण पाहणारी," मावशी म्हणाली. "तिला आकाशात एका जागी एक ठिपका दिसतो. पण तो कसला, ते तिला सांगता येत नाही. कारण किरण मिळतात ते नळाला पाणी नसताना मिळतं तसे, थेंब थेंब. म्हणून मी आपली रेडिओची डिश त्या जागेकडे वळवली. आणि एकदा, फक्त एकदाच, ठोका मिळाला! पल्सार! मेलेल्या ताऱ्याचा गाभा. आकाराने एका शहराएवढा, वजनाने सूर्याहून जड, आणि स्वतःभोवती फिरतो सेकंदाला शेकडो वेळा."

"सेकंदाला?" भोवऱ्याचे पाय थांबले.

"सेकंदाला. दर गिरकीला त्याचा रेडिओचा झोत आपल्यावरून जातो, दीपगृहाच्या दिव्यासारखा. तोच ठोका. पण त्या दिवसानंतर पंधरा दिवस झाले, सगळं चिडीचूप. संचालक म्हणतात, तुम्ही कुणाचा तरी मिक्सर ऐकलात."

"कशाच्या तरी मागे लपला असेल," पुरवणी म्हणाली.

"लपतात गं. असे तारे बरेचदा जोडीदाराबरोबर फिरतात, आणि त्याच्या आड गेले की ऐकू येत नाहीत. पण आड गेलेला बाहेरही येतो ना! रोज नेमका मी ऐकायला बसले की लपतो, असं कसं होईल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मावशी, तू रोज किती वाजता ऐकतेस?" भोवऱ्याने विचारलं.

"दोन ते तीन. दुसरी वेळच देत नाहीत."

"आणि ठोका मिळाला तेव्हा?"

"तेव्हा दुपारी वीज जाणार होती, म्हणून सकाळी अकराची..." मावशीचा कप अर्ध्या वाटेत थांबला.

"दुकानदार!" तिघं एकदम ओरडली.

दुकानदाराची हकिकत ऐकता ऐकता मावशी टेबलावर बोटाने वर्तुळं काढू लागली. "जोडीदाराभोवती दिवसाला चार फेऱ्या... अगदी नेमक्या बसत असल्या तर दोन वाजता रोज त्याच जागी. आड! आणि अकराला बरोबर समोर!" ती खुर्चीवर धप्पकन बसली. "एवढा योगायोग कुठे असतो म्हणून मी हा विचारच सोडून दिला होता. शिकलेल्या माणसाने शहाणपणा करावा तरी किती!"

ती तशीच संचालकांकडे गेली आणि गेली तशी परत आली.

"म्हणाले, अकराला देखभाल असते. वेळापत्रकावर तीन सह्या आहेत. बदलायचं तर अर्ज करा, पुढच्या महिन्यात विचार करू."

"देखभाल म्हणजे नेमकं काय करतात?" वकिलाने विचारलं.

ते मावशीलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलचं पंक्चर निघालं, आणि अकराला तिघं डिशसमोरच्या मैदानात हजर झाली. देखभाल जोरात सुरू होती! एका बसमधून उतरलेले पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, आणि ओट्यावर संचालक उभे होते. लाऊडस्पीकरला वेधशाळेत बंदी होती; त्यांना त्याची गरजही नव्हती.

"मंडळी! आकाशातली मनात येईल ती जागा सांगा! आमची डिश तिकडे वळेल!"

"चंद्र!" कुणीतरी ओरडलं. डिश घरघरत वळली. टाळ्या पडल्या. मग बराच वेळ संचालक स्वतःविषयी बोलले आणि पाहुणे चहाला गेले.

"ही देखभाल?" पुरवणी म्हणाली.

"संचालकांची," वकील म्हणाला.

भोवरा मैदानाला तीन चकरा मारून परत आली. तिचे डोळे लकाकत होते. "मनात येईल ती जागा, असंच म्हणाले ना ते? उद्या मावशीच्या ताऱ्याची जागा आपल्या मनात येईल!"

रात्रीच्या जेवणानंतर तिने मावशीला विचारलं, "उद्या सकाळी तुझं यंत्र चालू ठेवशील?"

"मी काही ऐकलं नाही," मावशी कप विसळत म्हणाली. मग नळाशी बोलावं तशी पुटपुटली, "अकरा वाजता, पूर्वेकडून दक्षिणेला तीस अंश, वर बावन्न. अर्धा तास तरी मिळायला हवा. ठोका फार क्षीण असतो. संगणक लाखो गिरक्या एकावर एक रचतो, तेव्हा कुठे रेघेवर उंचवटा दिसतो."

शुक्रवारी तिघं पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली.

"मनात येईल ती जागा सांगा!" संचालक गरजले.

"चंद्र!" भोवऱ्याने तोंड उघडायच्या आतच शेजारचे आजोबा ओरडले.

झालं! पण वकील उठून उभा राहिला. "हरकत आहे! चंद्र रोज पाऊण तास उशिरा उगवतो, आज तो अजून उगवलेलाच नाही. डिशने काय जमिनीत बघायचं?"

पाहुणे हसले. संचालकांनी आकाशाकडे पाहिलं. त्यांना तिथे पाहायची फारशी सवय नव्हती.

"पूर्वेकडून दक्षिणेला तीस अंश, वर बावन्न!" भोवरा एका दमात म्हणाली.

"वा! अंशात सांगते! याला म्हणतात संस्कार!" संचालक खूश झाले. मावशीच्या अर्जावर जागा लिहिलेली होती, पण अर्ज वाचण्याची त्यांची पद्धत नव्हती. "वळवा रे!"

"सर, नुसती वळवू, की ताऱ्यांबरोबर सरकत ठेवू?" केबिनमधून ऑपरेटरने विचारलं.

"सरकत ठेवा! पाहुण्यांना कळू दे आपण काय चीज आहोत!"

डिश वळली. आता एकच काम उरलं होतं. संचालक बोलत राहिले पाहिजेत!

एरवी ही काही चिंतेची बाब नव्हती. पण त्या दिवशी ऊन कडक होतं. आजोबा "चहा कधी?" म्हणून विचारू लागले. आणि भोवऱ्याने जरा पाय हलवला की संचालकांची नजर तिच्यावर जायची: "मुलं कंटाळलेली दिसतात. तर मंडळी, शेवटी एवढंच सांगतो..."

"नाही सर! मुळीच नाही!" भोवऱ्याने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. पोटऱ्यांत मुंग्या आल्या. नाकाला खाज सुटली. आयुष्यात इतकी स्थिर ती फक्त गोवर झाला तेव्हा होती, तेही अर्धा दिवस.

"सर, डिशवर पक्षी बसले तर त्यांचा आवाज ताऱ्यांना जातो का?" वकिलाने विचारलं. त्याला पाच मिनिटं मिळाली.

"काका, तुमचं लग्न झालंय?" पुरवणीने विचारलं. तिला एक शब्दही मिळाला नाही.

संचालकांनी घड्याळ पाहिलं. "चला, डिश मूळ जागी आणा!"

"सर!" भोवरा जवळजवळ किंचाळली. "संचालक व्हायला काय काय करावं लागतं?"

संचालक थांबले. त्यांनी कोट नीट केला.

"छान प्रश्न आहे, बाळ. मी तिसरीत होतो, तेव्हाची गोष्ट..."

ते सातवीत पोचले तेव्हा आजोबा घोरत होते. ते कॉलेजात पोचले तेव्हा कंट्रोल रूमचं दार उघडलं आणि मावशी धावत बाहेर आली, एका पायात चप्पल, दुसरा तसाच. तिने नुसते दोन्ही हात वर केले.

भोवरा खुर्चीवरून उडालीच! मैदानात तिने इतक्या गिरक्या घेतल्या, की पाहुण्यांनी कार्यक्रमाचा भाग समजून टाळ्या वाजवल्या.

शनिवारी समिती कंट्रोल रूममध्येच बसली. अध्यक्षा वयस्कर होत्या आणि कुणाचंही बोलणं अर्ध्यावर तोडत असत. मुलं दाराशी दाटीवाटीने उभी होती.

"एका सकाळी ठोका मिळाला म्हणता," अध्यक्षा म्हणाल्या. "मागेही एकदाच मिळाला होता. मिक्सर दोनदा लागू शकतो, बाई."

भोवरा पुढे झाली; वकिलाने तिला मागे ओढलं.

"म्हणूनच आज डिश एक वाजल्यापासून मागून घेतली," मावशी म्हणाली. पडद्यावरच्या रेघेवर एक टोकदार उंचवटा दिसत होता. "सेकंदाला साडेतीनशेहून जास्त गिरक्या. गॅमा दुर्बिणीने वर्षानुवर्षं साठवलेले थेंब मी रात्री याच ठोक्याशी लावून पाहिले, ते ओळीने उभे राहिले. मिक्सर अवकाशातून गॅमा किरण सोडत नाही. आता दोन वाजायच्या आत हा उंचवटा नाहीसा होईल. तीननंतर परत येईल."

उंचवटा तसाच होता. पावणेदोन झाले, तरी तसाच! वकील नखं खाऊ लागला. मग उंचवटा खचला, बुटका झाला, आणि रेघ टेबलासारखी सपाट झाली.

"गेला!" मावशी ओरडली.

"गेला!" सगळी समिती ओरडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"इतकी वर्षं समित्यांवर बसते आहे," अध्यक्षा म्हणाल्या, "काहीही न दिसल्याबद्दल टाळ्या पहिल्यांदाच वाजवल्या. अकराची वेळ देण्याची कल्पना कुणाची?"

"काल पाहुण्यांसमोर मीच डिश..." संचालक पुढे सरसावले.

"वळवलीत, हे ऐकलंय. कुठे वळवलीत, ते तुम्हाला आज कळलं." त्या दाराकडे वळल्या. "पोरांनो, आत या. आम्ही मोठ्यांनी पंधरा दिवस त्याच वेळी तेच दार ठोठावलं आणि आत कुणी नाही म्हणून मोकळे झालो. वेळ बदलून बघावी, हे तुम्हाला सुचलं. शाबास! बाई, तुमचं काम चालू राहील. आणि ही देखभाल बंद करा. अकराची वेळ यांची."

मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं. पुरवणी मात्र तिच्या हाताखालून पडद्याकडेच बघत होती.

"पण तो परत येईल ना गं, आई?"

"येईल. तासाभराने."

बैठक संपली होती, तरी कुणी उठलं नाही. संचालकसुद्धा एक शब्द न बोलता बसून राहिले. तीन वाजून गेले, आणि सपाट रेघेच्या मधोमध अगदी बारीक, मुंगीएवढा उंचवटा उठला.