गालिच्याची पाठ

गालिच्यांचा पारखी म्हणून त्याचं नाव मोठं होतं आणि हट्ट त्याहून मोठा. विम्यासाठी किंमत ठरवायची म्हणजे गालिचा आधी पालथा करायचा, पाठीवरच्या गाठी बघायच्या, मगच तोंड उघडायचं, हा त्याचा नेम. समोरची लव कुणालाही भुलवते, पाठ कधी फसवत नाही, हे तो येता-जाता ऐकवायचा. बायको कायम सोबत असायची. मापाच्या फितीचं दुसरं टोक धरायला आणि त्याचं व्याख्यान आवरायला. गिऱ्हाइकासमोर तो मिजास करायचा खरा, पण तिच्यावाचून त्याचं पानही हलत नसे.

त्या दुपारी दोघं एका निवृत्त कप्तानाच्या घरी गेले. लहान गालिचे चटकन उरकले. शेवटच्या खोलीत मोठा इराणी गालिचा अंथरलेला होता. खोली कोरडी ठणठणीत होती, तरी ओल्या लोकरीचा वास येत होता.

गालिच्यात बाग विणलेली होती. मधोमध हौद आणि त्याच्याभोवती उशांवर बसलेल्या बायका, सगळ्यांची तोंडं बघणाऱ्याकडे. प्रत्येकीचा चेहरा वेगळा. कडेची एक उशी मात्र रिकामी होती.

"याला आगीचा विमा हवाय," कप्तान म्हणाला. "पैशांसाठी नाही हो. विमा असला की कंपनीचा माणूस येऊन वायरी-बियरी तपासून जातो. मला आता धड दिसत नाही. घरात ठिणगी पडली तर कळायचंही नाही."

"बघू की. धरा ते टोक."

"हा उलटायचा नाही."

"मग माझी सही मिळायची नाही!"

कप्तान हौदाजवळच्या हिरव्या कपड्यांतल्या बाईपाशी वाकला. "आमची ही इथंच बसायची... एकदा धूळ झटकायला म्हणून आम्ही दोघांनी हा उलटला होता..." डोळे पुसत तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"अहो, राहू द्या ना," बायको हळूच म्हणाली. "नाही म्हणताहेत तर कशाला?"

पण ऐकेल तो पारखी कसला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं एक कड उचलली. नाइलाजानं तिनंही दुसरी उचलली आणि गालिचा पालथा झाला.

हातानं विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर समोरचंच चित्र असतं, फक्त डावं-उजवं उलटं आणि लवेवाचून. इथंही हौद तसाच होता, झाडं तशीच होती. बायका मात्र पाठमोऱ्या होत्या. वेण्या, अंबाडे, उघड्या माना. जणू तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

त्यानं अंगठा फिरवला. गाठी खऱ्या होत्या, एकही खोटी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला गालिच्याची भीती वाटली. अंगठ्याखालची मान कोमट लागत होती.

"अशी वीण... नसते," तो पुटपुटला. "उलट. सरळ कर. लवकर..."

"अहो, झालं काय?"

"उचल म्हणतो ना!"

गालिचा धप्पकन सरळ पडला. धुळीचा लोट उठला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि दम लागेपर्यंत खोकला.

डोळे उघडले तेव्हा ती खिडकीशी पाठमोरी उभी होती. तोच अंबाडा, तोच करडा स्वेटर, हातात फितीचं टोक. त्याच्या जिवात जीव आला.

"चल, निघू या," तो म्हणाला. "नको आपल्याला हे काम."

ती वळली नाही.

"अगं, रागावलीस का? चुकलं माझं."

तिला मनवायला तो वळसा घालून खिडकीच्या बाजूनं तिच्या समोर गेला. समोरूनही अंबाडाच दिसला.

तो भिंतीला धरत दुसऱ्या बाजूनं गेला. तिथूनही तेच. पाठ, मान, अंबाडा.

"आमची आत स्वयंपाकघरात आहे," दारातून कप्तान हलकेच म्हणाला. "चालते, काम करते. फक्त... कुठूनही बघा, पाठच. मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिला, साहेब. काही होत नाही." तो थोडा पुढं आला. "तुमच्या बाई कुठं बसल्यात? मला दिसत नाही."

पारख्यानं खाली पाहिलं. कडेच्या उशीवर आता करड्या स्वेटरमधली बाई बसली होती, तोंड बघणाऱ्याकडे, ओठ अर्धवट उघडे. तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्या चेहऱ्यावर ओणवा झाला. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांपासून वीतभरही दूर नव्हते.

"हा बघ, मी आहे ना इथं... तुझ्यासमोर आहे."

लोकरीतून तिचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला.

"अहो, मग असे पाठ करून का बसलात?"