गोबरगॅसचं पोट बिघडलं!

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली रोपं, एकोणीस. जुन्या टायरमध्ये पुदिना, दोन. तळ गेलेल्या बादल्यांत चुका आणि राजगिरा, चार. धोतराच्या चिंध्यांत पुरचुंड्या करून बांधलेलं बियाणं, सात. फाटक्या साड्यांची पायपुसणी, पाच. फेकून दिलेली वस्तू, एकही नाही.

"हरलीस!" आदिनाथने जोरात टाळी वाजवली. "म्हणलं होतं ना, आमच्या परसात फेकायजोगं काही सापडणार न्हाई! आता हापशाचं पाणी तू आणायचं!"

स्वप्नालीने वही मिटली. आठवीची परीक्षा देऊन ती आणि तिची धाकटी बहीण रोहिणी कालच नाशिकहून पालीला मामाकडे आल्या होत्या. आदिनाथ हा मामाचा मुलगा. सातवीतला, आणि पैज लावण्यात पटाईत.

"थांबा, थांबा!" परसाच्या टोकाकडून रोहिणीचा आवाज आला. "सापडली! ही बघा एक अगदी बिनकामाची वस्तू!"

तिथे जमिनीत विटांनी बांधलेला गोल खड्डा होता. त्यात एक मोठा लोखंडी ड्रम पालथा बसला होता, जवळजवळ काठापर्यंत बुडालेला.

आदिनाथचं हसू मावळलं. "ती बिनकामाची न्हाई. आमचा गोबरगॅस हाय तो. खाली शेण कुजतं, त्याचा गॅस होतो, अन् गॅस भरला की ड्रम वर उचलला जातो. तिथून नळीनं शेगडीला. पण पंधरा दिवस झाले, ड्रम वरच येईना."

"मग मामी स्वयंपाक कशावर करते?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. आधी खोकला, मग धूर.

सावित्रीमामी चुलीपुढे बसली होती. कपाशीच्या पऱ्हाट्या धुमसत होत्या. एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावायचा, आणि मध्येच मान वळवून खोकायचं!

"बसा गं पोरींनो. गरम गरम खा."

"मामी, सिलिंडर नाही का?" स्वप्नालीने विचारलं.

"हाय की. पण एकदा संपलं की दुसरं कवा येईल, नेम न्हाई. म्हणून चहापुरतं जपून वापरते." मामीने भाकरी उलटली. "लग्न झाल्यापासून चुलीवरच होते मी. खोकला लागला तो हटेना. डॉक्टर म्हणले, आधी धूर बंद करा. तवा धुळाजी मिस्त्रीनं हा गोबरगॅस बांधून दिला. अकरा वर्षं खोकला न्हाई की डोळ्याला पाणी न्हाई. लई उपकार केले बाई त्यानं माझ्यावर!"

"आता झाले ते उपकार," दारातून अर्जुनमामा म्हणाला. "गुरुवारी ट्रॅक्टर येतोय मुरूम घेऊन. खड्डा बुजवून टाकायचा, वर पत्रं ठोकायचे, मोटारसायकलला सावली होईल."

"पण मामा, तो बंद कशाने पडला?"

"कशानं म्हणजे? धुळाजीचं कामच कच्चं. कुठंतरी चीर पडली असंल, गॅस निघून जातोय. आता कोण उकरत बसतं?"

मामीने पुढची भाकरी थापायला घेतली आणि पुन्हा खोकली.

त्या दिवशी शनिवार होता. म्हणजे हातात पाच दिवस!

दुपारी कडुलिंबाच्या सावलीत तिघांची सभा भरली.

"कारणं तीनच असू शकतात," स्वप्नालीने वही उघडली. "एक, गॅस होतोय पण गळतोय. दोन, शेण कमी पडतंय. तीन, शेण आहे, पण त्याचा गॅसच होत नाही."

"चार, भूत!" रोहिणी म्हणाली.

"भुताला एवढा वास सहन व्हायचा न्हाई," आदिनाथ म्हणाला, आणि तिघंही लोळून हसले.

रविवारी सकाळी त्यांनी साबणाचं पाणी केलं आणि कुंच्याने नळीच्या प्रत्येक जोडावर लावलं. मग ड्रमवर चढून आदिनाथने सगळ्या पत्र्यालाही तेच पाणी फासलं. गॅस गळत असता, तर फुगे आले असते. वीस मिनिटं डोळे फाडून पाहिलं. एकही फुगा नाही! शेणाचंही गणित जुळलं. दोन गायी, एक म्हैस, एक कालवड आणि नुकतं झालेलं वासरू. रोज पाच घमेली शेण, नेहमीइतकंच.

"मग तिसरं कारण!" स्वप्नाली उठली. "हे ज्याने बांधलं त्यालाच विचारू या."

धुळाजी मिस्त्री शेतातल्या वस्तीवर राहायचे. तिघं दोन सायकलींवरून गेले तेव्हा ते अंगणात बसून फुटक्या घमेल्याला ठिगळ लावत होते. बाजूलाच त्यांचा स्वतःचा छोटा गोबरगॅस होता. त्याचा ड्रम ऐटीत वर आलेला!

"अर्जुनराव म्हणतो, काम कच्चं हाय?" म्हातारा मिशीत हसला. "चीर असती तर पहिल्याच साली कळली असती, पोरांनो. फुगे आले का साबणाला?"

"एकही नाही."

"मग पोट बिघडलंय त्याचं. आत डोळ्याला न दिसणारे लई बारीक जीव असतात. तेच शेण खातात अन् गॅस सोडतात. ते मेले की कारभार बंद. त्याला काय खाऊ घातलं, ते हुडका!"

परत आल्यावर गांडुळं मोजायला स्वप्नालीने परसात दोन खड्डे खणले, दोन्ही एक वीत लांब, एक वीत रुंद, एक वीत खोल. पहिला, ज्या वाफ्याला बादलीने पाणी देतात तिथे. दुसरा, जिथे गोबरगॅसमधून बाहेर पडणारं कुजलेलं शेणपाणी, म्हणजे स्लरी, जाते तिथे.

"पहिल्यात गांडुळं नऊ," रोहिणीने काडीने मोजलं. "दुसऱ्यात... ताई, दुसऱ्यात एकपण नाही! स्लरीत तर ती जास्त हवीत ना?"

"आई रोज म्हणायची, स्लरीच्या वाफ्यात खुरपं घालायची सोय न्हाई, इतकी गांडुळं!" आदिनाथचे डोळे मोठे झाले. "म्हंजे आत काहीतरी विषारी जातंय!"

आत काय जातं? शेण आणि पाणी. शेण त्याच जनावरांचं. मग पाणी कुठून येतं?

सोमवारी पहाटे साडेपाचला तिघं गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसले. कडबा टोचत होता. रोहिणीला शिंक येत होती आणि आदिनाथने तिचं नाक चिमटीत धरलं होतं.

अर्जुनमामा बादली घेऊन आला. त्याने निळ्या कॅनचं झाकण काढलं आणि बादलीत ओतू लागला. ओततच राहिला. बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं!

"फिनेल!" आदिनाथ कुजबुजला.

मामाने ते पाणी फरशीवर टाकलं आणि खराट्याने सगळा गोठा चकाचक धुतला. धुतलेलं पाणी नालीतून वाहत बाहेरच्या पिंपात जमा झालं. अर्ध्या तासाने मामी आली. पिंपातल्या त्याच पाण्याच्या दोन बादल्या तिने हौदात ओतल्या, त्यात शेण कालवलं आणि गोबरगॅसमध्ये सोडलं.

"मामी!" स्वप्नाली गंजीआडून एकदम उभी राहिली. मामीच्या हातातली बादलीच पडली.

"अगं बाई! काय जीव घेतेस का माझा!"

"मामी, तू याच पाण्यात शेण कालवतेस?"

"मग? दर उन्हाळ्यात असंच करते. नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. गोठा धुतलेलं पाणी वाया कावून घालायचं?"

"पण यंदा त्यात फिनेल आहे!"

मामी थबकली. "वास येत हुता खरा. मला वाटलं, गोठ्याचा असंल."

अर्जुनमामाला मात्र हसू आवरेना. "वासरू झाल्यापासून माशा लई झाल्यात, म्हणून बंकटच्या दुकानातून आणलं. चांगलं औषध हाय ते! औषधानं कधी गॅस बंद पडतो व्हय? उलट जोर येईल!"

"मामा, कॅनवर लिहिलंय, बादलीला दोन झाकणं."

"दोन झाकणात काय व्हतंय? एवढा मोठा गोठा!"

"बरं मामा, पैज!" आदिनाथकडे बघत स्वप्नाली म्हणाली. "गुरुवारपर्यंत. आणि मोजणार तुम्ही."

मामीच्या साठ्यातून दोन सारख्या बाटल्या आल्या. धुळाजीबाबांनी त्यांच्या गोबरगॅसची बादलीभर जिवंत स्लरी दिली. दोन्ही बाटल्यांत ती सारखीच भरली, शेण सारखंच, पाणीही सारखंच. फरक एकच: एकीत हापशाचं पाणी, दुसरीत पिंपातलं. दोन्हींच्या तोंडावर फुगे बसवले. एकीला लाल दोरा, दुसरीला हिरवा. कुठल्या बाटलीत काय, ते चिठ्ठीवर लिहून मामीच्या पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

"आम्ही सांगणार नाही," रोहिणी म्हणाली. "म्हणजे तुम्हाला लबाडी करता येणार नाही!"

"मी? लबाडी?" मामा चिडला. पण तो माणूस हौशी! बाटल्या ओट्यावर उन्हात ठेवल्या आणि सुतळी न् पट्टी त्याने स्वतःच आणली.

मंगळवारी दोन्ही फुगे लोंबत होते. "बघा!" मामा चहाचा घोट घेत म्हणाला. रोहिणीचा चेहरा एवढासा झाला.

बुधवारी सकाळी हिरव्या दोऱ्याचा फुगा ताठ उभा होता! मामाने सुतळी गुंडाळली. घेर एकवीस सेंटिमीटर. लाल फुगा तसाच लोंबता.

"हिरव्यात औषध असणार," मामा ठासून म्हणाला. "बघा कसा जोर आला!"

गुरुवारी त्याने चहाच्या आधीच मोजलं. हिरवा, चौतीस सेंटिमीटर. लाल, मोजण्यासारखं काही नाही. मामाने सुतळी दोनदा गुंडाळून पाहिली. मग म्हणाला, "आणा ती चिठ्ठी."

मामीने डबा उचलला. चिठ्ठी मामाने स्वतः वाचली: "हिरवा, हापसा. लाल, फिनेल."

तेवढ्यात फाटकाबाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ट्रॉलीभर मुरूम घेऊन शहादेव आला होता.

"अर्जुनराव, कुठं टाकू? खड्ड्यातच ना?"

मामाने खड्ड्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आत चूल धुमसत होती.

"खड्ड्यात न्हाई," तो म्हणाला. "गोठ्यापुढं चिखल होतो, तिथं टाक. अन् ट्रॉली रिकामी झाली की धुळाजीच्या वस्तीवर चल. दोन मोठी पिपं स्लरी आणायचीय. त्याच्या कामाला मी नावं ठेवली, तेबी त्याला सांगायचंय."

मग मामीकडे वळून तो हळूच म्हणाला, "चूक माझी हुती. तुला वीस दिवस धुरात बसवलं."

"आता बोलत बसू नका," मामीने पदराने तोंड पुसलं. "पिपं धुऊन द्या आधी. बिनफिनेलची!"

आता खरं काम सुरू झालं. आतली बिघडलेली स्लरी बादल्या-बादल्यांनी काढून बांधावरच्या वेगळ्या खड्ड्यात टाकली, कारण ती वाफ्यांना चालली नसती. तिच्या जागी धुळाजीबाबांची जिवंत स्लरी ओतली. शेण पहिले काही दिवस दोनच घमेली, आणि कालवायला फक्त हापशाचं पाणी. ते पाणी तिघांनी आळीपाळीने आणलं. पैजेत हरलेली स्वप्नाली आधी, मग जिंकलेला आदिनाथही! गोठ्यात माशांसाठी मामी संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करू लागली, स्वतः लांब उभी राहून. निळा कॅन मामा बंकटच्या दुकानात परत देऊन आला.

पाचव्या दिवशी ड्रम चार सेंटिमीटर वर आला. आदिनाथने काडी पेटवली, पण शेगडी फुसफुसली आणि गप्प झाली.

"हरलो का आपण?" रोहिणीने विचारलं.

"पहिला गॅस जळत न्हाई," धुळाजीबाबा म्हणाले. ते रोज संध्याकाळी चक्कर मारत होते. "सोडून द्या तो. पोट आत्ता कुठं जागेवर येतंय."

आठव्या दिवशी सतरा सेंटिमीटर. अकराव्या दिवशी सकाळी मामाने पट्टी लावली आणि तिथूनच हाक मारली, "अगं, अडतीस! अडतीस हाय!"

सगळे स्वयंपाकघरात जमले. मामीने चावी फिरवली, काडी धरली. भप्प! निळी ज्योत गोल उभी राहिली. मामीने शेगडीला हात जोडले. मग मागे वळून तिने धुळाजीबाबांना नमस्कार केला.

"माझ्या पाया कशाला पडतीस पोरी?" म्हातारा गडबडला. "मी विटा रचल्या. पोट नीट केलं ते या तिघांनी. म्या चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं, पण बाटलीत गोबरगॅस बांधायचं कधी सुचलं न्हाई!"

"अन् मला तर माझ्याच हातानं मोजायला लावलं!" अर्जुनमामा म्हणाला. "न्हाईतर मी ऐकलं असतं व्हय? शाबास रे पोरांनो. लई शाबास!"

"पैज आम्ही जिंकलो, बक्षीस काय?" आदिनाथने लगेच विचारलं.

"बक्षीस मी देते," मामी म्हणाली. पहिली भाकरी टम्म फुगली. तिने तिचे तीन तुकडे केले, वर लोणी ठेवलं आणि तिघांच्या हातावर दिले. तुकडे गरम होते. रोहिणी या हातातून त्या हातात उडवत होती. धूर नव्हता, त्यामुळे स्वयंपाक करताना मामीचा चेहरा दोघी बहिणींना पहिल्यांदाच नीट दिसत होता. ती हसत होती आणि पुढची भाकरी थापत होती.

तिने सोळा भाकरी केल्या, मग पिठलं, मग पातेलंभर दूध तापवलं. ज्योत हळूहळू बारीक झाली आणि विझली.

स्वप्नालीने घड्याळ पाहून वहीत लिहिलं: एक तास चार मिनिटं.