झेंडा उभा आहे तोवर

"माझी कॅप! अहो, माझी कॅप गेली!"

नऊ नंबरच्या टेबलावरचे काका ओरडले, आणि मी खाली वाकून शोधायला लागले. टेबलाखाली, खुर्च्यांखाली, शेजारच्या बाईंच्या पर्सखालीसुद्धा. कुठल्या रंगाची होती, हे विचारायला मान वर केली, तर काका गाल दाबून बसलेले. डोक्यावरची नव्हे, दातावरची कॅप होती ती! आमच्या मटणाच्या तुकड्यात रुतून बसलेली.

काकांना धरून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. दातांचा डॉक्टर तरुण निघाला. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. काकांनी खुर्चीत बसता बसता सगळं सांगून टाकलं होतं.

"मग? टोपी सापडली का?" त्याने मला विचारलं.

"चेष्टा पुरे. त्यांचं बघा आधी."

"तुमच्या हॉटेलचे उपकार आहेत माझ्यावर. ते सुरू झाल्यापासून माझी भरभराट आहे."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. "एकदा येऊन खाऊन बघा," मी म्हटलं, "आणि मग बोला!"

तो आला. गुरुवार होता. मग दर गुरुवारी यायला लागला... खिडकीजवळचं सात नंबरचं टेबल, एकटाच.

आमच्याकडे प्रत्येक टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी आणि कडेला एक छोटा लाल झेंडा असतो. झेंडा उभा आहे तोवर आम्ही मटणाच्या, भाज्यांच्या सळ्या आणत राहायचं. पोट भरलं की पाहुण्यांनी झेंडा आडवा करायचा. बोलायची गरजच नाही.

पण लोक बोलतातच. माझ्या मामाच्या या हॉटेलबद्दल एवढ्या मोठ्या शहराचं कधी एकमत झालं नाही. एक म्हणतो मटण लोण्यासारखं, दुसरा म्हणतो याचे बुटाला तळ लावा. आणि दोघांनी खाल्लेलं असतं एकाच संध्याकाळी, एकाच शेगडीवरचं! एक कुटुंब घरातला प्रत्येक वाढदिवस इथेच करतं. एका बाईंनी मात्र केसांचा धुराचा वास जात नाही म्हणून मोबाईलवर पाचातला एकच तारा दिला. एकाने गाडी लावायला जागा नाही म्हणून तारा कापला. "गाडी काय शेगडीवर लावायची होती?" मामा म्हणाला. मी सकाळी हे सगळं मोबाईलवरून वाचून दाखवते, आणि ओळीगणिक मामाचा चेहरा फुलतो, पडतो, पुन्हा फुलतो.

आणि डॉक्टर?

"कसं होतं?"

"बरं होतं."

दर गुरुवारी तेच. बरं! ताप उतरला की माणूस बरा होतो. खाण्याला काय म्हणायचं ते सरळ म्हणावं की नाही?

"चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण काहीतरी म्हणा ना!"

"बरं," तो म्हणाला. वर हसला.

पण त्याचा झेंडा काही आडवा व्हायचा नाही. मका झाला, मशरूम झाले, अननस झाला... मी आपली फेऱ्या मारतेय. एकदा सकाळी वाचता वाचता मीच अडखळले. कुणीतरी लिहिलं होतं, 'जेवण ठीक. वाढणाऱ्या मुलीचं सगळं लक्ष खिडकीतल्या टेबलाकडे.' मामा नुसताच खाकरला.

मग मामाने दुसऱ्या शहरात नवी शाखा काढायचं ठरवलं. "तूच सांभाळ. माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही. शुक्रवारी सकाळी काय ते सांग."

मला जायचं होतं. माझ्या शब्दावर चालणारं स्वयंपाकघर मला कधीचं हवं होतं. आणि तरीही — जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुवारी संध्याकाळी एकच टेबल पुन्हा पुन्हा पुसत होते, दार वाजलं की दचकत होते. तो आला. नेहमीसारखा बसला. दुसऱ्या सळीला मला राहवेना.

"मी... बहुतेक इथून जाणार. नवी शाखा निघतेय, दुसऱ्या शहरात. सगळं माझ्याकडे असेल. उद्या मामाला सांगायचंय."

त्याच्या हातातली सळी थांबली. त्याने ती ताटलीत ठेवली.

"बरं," तो म्हणाला.

आणि झेंडा आडवा केला.

मी आत जाऊन उगाचच पाणी प्यायले. मग ताटली उचलायला गेले, कारण ते माझं काम होतं.

"पोट भरलं वाटतं," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

"झेंडा आडवा आहे. म्हणजे आता तुम्हाला काही आणायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग बसा ना... जरा वेळ."

मी बसले. हातातल्या फडक्याला पीळ देत राहिले.

"मला इथलं खाणं अजिबात आवडत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"मटण चिवट. मका करपलेला. धुराने डोकं धरतं. शुक्रवारी पेशंट विचारतात, डॉक्टर, कुठे आग लागली होती का?"

"मग दर गुरुवारी येता कशाला?"

"झेंडा उभा असला की... तुम्ही येता ना." त्याचे कान झेंड्याइतके लाल झाले होते.

इतकं वाईट मत मामाच्या हॉटेलबद्दल आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि कुठल्याच मताने मला इतका आनंद झाला नव्हता.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "तुम्हाला जायचंय, दिसतंय. फक्त एक सांगा, तिथे समोर एखादा गाळा रिकामा आहे का?"

"कशाला?"

"मटण तिथेही हेच असणार ना? लोकांच्या कॅप निघणारच."

"म्हणजे लोकांच्या दातांसाठी येणार तुम्ही?"

"नाही." आता तो हसत नव्हता. "तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता. बऱ्या वगैरे नाही — फार आवडता."

डोळ्यांत पाणी आलं. धुराचं म्हणावं, तर शेगडी कधीच विझत आली होती.

"अगं, सात नंबरचा झेंडा पडलाय!" मामा गल्ल्यावरून ओरडला. "तू काय करतेस तिथे?"

"येऊ ना मी?" त्याने हळूच विचारलं.

"बरं," मी म्हटलं, आणि हात लांब करून झेंडा पुन्हा उभा केला.