माझी गिटार आणि त्याचं वार्निश

“पंख्याची हवी की मिक्सरची?”

दुकानातल्या मुलाने मान वर न करताच विचारलं. उल्हासनगरातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान ते. जळलेल्या मोटारींना तिथे नवी तार गुंडाळून देतात. मला सगळ्यात बारीक तांब्याची तार हवी होती.

“गिटारची,” मी म्हटलं.

आता मात्र मान वर झाली. आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

“गिटारमध्ये मोटर असते, मॅडम?”

“नसते. इलेक्ट्रिक गिटारला तारांखाली एक कॉइल असते, ती आवाज पकडून स्पीकरला देते. मी गिटार बनवतेय. घरी.”

“म्हणजे किट आणून जोडताय?”

“बनवतेय म्हटलं ना!”

राग माझ्या नाकावरच असतो, अख्खं अंबरनाथ पूर्व सांगेल. पण का येऊ नये राग? फर्निचर बाजारातून सागवानी कपाटाचा जुना दरवाजा आणून मी तो आमच्या गॅलरीत कापला होता, तासला होता, घासला होता. डाळीत भुसा पडला म्हणून आईची बोलणी खाल्ली. बाबा आनंदनगरच्या कंपनीत कामाला. त्यांनी पॉलिश पेपर तेवढा आणून दिला. बाकी मी कुणाला हात लावू दिला नाही.

आणि हे सगळं जयंतीसाठी! चौदा एप्रिलला बाबांच्या गायन पार्टीबरोबर भीमगीतांना मी साथ करणार होते. पार्टीचे मुख्य गायक हरिचंद्रकाका म्हणाले, “पोरी, घरची वस्तू घरात वाजव. स्टेजवर मध्येच मुकी झाली तर हसं होईल.”

हसं? माझं? बघूच, म्हटलं.

मुलाचं नाव मिलिंद, राहायला बदलापूरच्या शिरगावात. तार आणायला मी दोन-चारदा गेले. खरं तर एकदाच नेलेली पुरली असती. हळूहळू “मॅडम”ची “अस्मिता” झाली, “तुम्ही”चं “तू”.

“एवढी बारीक तार तुटत नाही तुझ्या हातात?”

“माझ्या हातात काही तुटत नाही.”

“बरं झालं सांगितलंस...” तो तार मोजायची सोडून हसला. “माझ्याकडे एक नाजूक चीज आहे. कुणाच्या तरी हातात द्यायचीय.”

मी पर्समधले पैसे मोजायला लागले. कान मात्र गरम झाले.

आईच्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायची चकती असते ना, तिच्यावर मी कॉइल गुंडाळली. जमली! फक्त टोकाच्या वायरी डागायला मिलिंदकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी गेले तर साहेबांचा चेहरा फुललेला.

“बघ! वार्निशमध्ये बुडवून भट्टीत मस्त भाजलीय. आता आयुष्यात जळायची नाही.”

मोटारीची कॉइल तशीच पक्की करतात. माझीलाही त्याने तोच मान दिला! आतलं प्लास्टिक पापडासारखं वाकलं होतं. मीटर लावला... काटा हलेना.

“अरे, गिटारची कॉइल जळत नाही रे बाबा! तुला भाजायला सांगितलं कुणी?”

“मला वाटलं... माझ्याकडून काहीतरी स्पेशल...”

मला रडूच कोसळलं. जयंती परवावर आलेली.

“तयार मिळते ती मागवू?” तो घाईघाईने म्हणाला. “आत लपलेली असते, कुणाला कळणार?”

“मला कळेल ना!”

“मग मी गुंडाळून देतो.”

“नको. मीच गुंडाळणार.”

“मग मी काय करू, अस्मिता?”

त्याचा पडलेला चेहरा बघून राग अर्धा उतरला. “उद्या रीळ घेऊन घरी ये,” मी म्हटलं. “तार धर.”

तो आला. मी मशीनवर, तो खाली फरशीवर, दोघांच्या मध्ये ती केसाएवढी तार.

“घट्ट धरू?”

“तुटेल.”

“सैल सोडू?”

“विस्कटेल.”

“मग कशी धरू... सांग ना.”

“धरलीयस तशीच,” मी म्हटलं, आणि चकतीवरून नजर काही उचलली नाही.

“अगं, त्याला चहा तरी दे!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “नुसताच राबवून घेतेयस पोराला.”

जयंतीच्या संध्याकाळी मैदानभर निळे झेंडे. पहिलं गीत सुरू झालं, मी तारांवर हात मारला आणि आवाज असा खणखणीत घुमला की हरिचंद्रकाका मागे वळून बघायला लागले आणि स्वतःचीच ओळ विसरले! माझी गिटार शेवटच्या गाण्यापर्यंत वाजली. छाती भरून आली माझी.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली. “कॉइल तरी बाहेरून मागवली असशील?”

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

“हिनेच बनवलीय, काका. लाकडापासून कॉइलपर्यंत सगळी. मी फक्त एकदा बिघडवली.”

मिलिंद! आणि सांगत होता तेही इतक्या अभिमानाने, जणू बक्षीस त्यालाच मिळालंय. तर ते डोळे... पहिल्याच दिवशी आवडले होते मला. त्या क्षणी तो अख्खाच आवडला.

“ती नाजूक चीज द्यायची होती ना तुला?” मी विचारलं.

“हो... म्हणजे...”

“दे मग. पण वार्निशमध्ये बुडवलेली चालणार नाही.”

बाबा बघत होते, काका बघत होते. मी सरळ त्याचा हात धरला. घट्ट नाही, सैल नाही... त्याने तार धरली होती ना, अगदी तस्सा.