कळपातली मोकळी जागा

"काकू, काका तर लढाईत गेला. मग तू कुंकू कुणाच्या नावाचं लावतीस?"

सवाल मनकर्णाचा नव्हताच. सेलूच्या शाळेत मैत्रीण विमलाने पैज मारली होती, "वर्गात तोफ डागतेस ना? मग घरी जाऊन एवढं विचार. नाही विचारलंस तर भित्री भागूबाई!" आणि गॅदरिंगला भाषण ठोकून ढाल मिळवल्यापासून मनकर्णाला कुणी भित्री म्हणावं, ही काय ऐकून घेण्यासारखी गोष्ट होती? दिवाळीच्या सुट्टीत झरीला आली, पोटात दोन करंज्या ढकलल्या आणि विचारून मोकळी झाली.

चुलीपाशी तिची माय कासाबाई थबकली. भिवराकाकू मात्र लोकर पिंजत राहिली.

"जो रोज दिवस मावळताना येतो, त्याच्या," ती म्हणाली. "ये सांजच्याला मेंढरांपाशी. दावते."

काका म्हणजे रायभान, मनकर्णाच्या वडिलांचा, आबांचा, पाठचा भाऊ. मनकर्णाला तो तुकड्यातुकड्यांनी आठवायचा. तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास. शेंगा फोडून तिच्या तोंडात घालणारी जाड बोटं. माणूस एवढा उंच, की दारातून वाकून जायचा आणि खांद्यावरची मनकर्णा चौकटीला हात लावून खिदळायची. निजला की पाय घोंगडीबाहेर उरायचे, आणि ही त्यांना गुदगुल्या करायची.

मग तो पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशात गेला. तिकडून तो मेल्याची एक सरकारी तार आली. पण ह्या घराण्याची रीत वेगळी. परमुलखात गेलेल्याचं मरण ज्यानं डोळ्यांनी बघितलं, त्याच्याकडून ऐकून घरच्या माणसानं उंबऱ्यावर उभं राहून साक्ष सांगायची. मगच मेलेल्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसायचा, आणि मगच बायकोचं कुंकू पुसायचं. साक्ष कुणी आणली नव्हती. लढाई संपली, निजामाचं राज्य गेलं, काकूचं कपाळ लालच राहिलं.

संध्याकाळी शेतात जाळ्याचं कुंपण लावून झालं. मेंढरं आत शिरली, रेटारेटी करत एकमेकांना चिकटून बसली. कळपाच्या मधोमध मात्र थोडी जागा मोकळी राहिली. गारठा मी म्हणत होता, तरी एकही मेंढरू तिथं सरकेना. एक कोकरू धावत आलं, कडेशी थबकलं आणि वळसा घालून आईकडे गेलं.

"मेंढका कळपात निजला की अशीच जागा सोडत्यात," काकू म्हणाली.

"सवय असंल त्यांना."

"कुणाची सवय, बाई? त्याची मेंढरं रझाकारांच्या धामधुमीत गेली. ही समदी नंतरची, पालमच्या बाजारातली. ह्यांनी त्याला बघितलंच न्हाई."

मनकर्णानं डोळ्यांनीच माप घेतलं. "पण काकू, जागा केवढुशी हाय! काका दारात वाकायचा. इथं तर मीबी मावणार न्हाई. हा काका न्हवं!"

आपल्या हुशारीवर ती खूश झाली, आणि मग काकूचा चेहरा दिसला. ते माप काकूनंही कधीचंच घेतलेलं होतं.

मागून आबा आले. "भिवरा, लोक बोलायलेत. चंपाषष्ठीच्या आत साक्ष मिळाली तर टाक बसवून टाकू."

"मी काढते शोध!" मनकर्णा बोलून बसली.

सुट्टी संपून सेलूला परतल्यावर शोध सोपा निघाला. विमलाच्या शेजारीच माणिकराव नावाचे पेन्शनीतले शिपाई राहत. ब्रह्मदेशातून परत आलेले. नाव ऐकताच त्यांनी पानाचा डबा खाली ठेवला.

"झरीचा रायभान? एका खंदकात होतो आमी. तोफेचा गोळा जवळ फुटला अन् उजवा कान गेला बिचाऱ्याचा. तवापासनं उजव्या कुशीवर निजायचा, डावा कान वर. म्हणायचा, मेंढक्याला झोपेतबी ऐकू आलं पायजे."

मनकर्णा हसली. माणिकराव हसले नाहीत.

"लय उंच गडी. खंदकात पाय लांब करायला जागा कुठली? गुडघे पोटाशी घेऊन, मुटकुळं करून पडायचा. गोळी लागली तवाबी तसाच आडवा झाला, जणू निजायलाच. मी सरळ करायला गेलो. पाय सरळ होईनात. तसाच पुरला, पोरी."

रस्त्यावर आल्यावर विमला म्हणाली, "मनू, मिळाली की गं साक्ष!"

 चंपाषष्ठीच्या सुट्टीला आगगाडीनं परभणी आणि तिथून बैलगाडीनं मनकर्णा झरीला आली.

घरी न जाता ती थेट शेतात गेली. दिवस मावळत होता. मेंढरं बसलेली होती.

जागा लहान नव्हती. दुमडलेली होती.

इकडे डोक्यापुरती. मग पाठीचा बाक. पुढे पोटाशी घेतलेले गुडघे.

घरातल्या कुणी त्याला असं निजलेलं कधी बघितलं नव्हतं.

वारा पडला होता. कुठून तरी तंबाखूचा वास आला.

"काका," ती कुंपणाला धरून पुटपुटली, "इथं खंदक न्हाई. पाय लांब कर."

टोकाची एक मेंढी उठली. मग तिच्या शेजारची. दोघी बाजूला सरकून बसल्या.

जागा लांबली. सावकाश. लय दिसांनी कुणी अंग मोकळं करावं तशी.

"आलीस व्हय?" आबांचा आवाज. मागून माय, आणि तिच्याही मागे, पदराचं टोक मुठीत धरून, काकू. "भेटला का कुणी डोळ्यांनी बघितलेला?"

काकूचं कुंकू ताजं होतं.

"आबा, माय, ऐका," मनकर्णा म्हणाली. "उंबऱ्यावर मी काही सांगणार न्हाई. आज न्हाई, कधीच न्हाई. टाक घडवायचा न्हाई अन् काकूचं कुंकू पुसायचं न्हाई. मी ठरवलंय."

"असं कसं ठरवलंय? कुणाला इचारून—"

"आबा, हळू बोला," ती म्हणाली. "डावा कान वर हाय त्याचा."