टिपकागद

“रेकॉर्ड विभागाच्या मॅडम तुम्हीच का?” दारातून आवाज आला.

“हो. आधी हे धरा!” वर न बघताच मी एक ओलागच्च गठ्ठा त्याच्या हातात कोंबला.

छतातला पाइप फुटला होता आणि विद्यापीठाच्या जुन्या निकालपत्रांवर धो धो पाणी... तो बिचारा दुसऱ्या विद्यापीठातून आमची फायली लावायची पद्धत शिकायला आला होता. तोही रेकॉर्डच सांभाळायचा. बघता बघता त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची रया गेली.

आमचे साहेब आले आणि नाक मुरडून म्हणाले, “लगदा झालाय सगळा. टाकून द्या.”

नोकरीसाठी, पेन्शनसाठी त्या गुणांची नक्कल मागायला माणसं अजून येतात. त्यांना काय सांगायचं? तुमचं शिक्षण वाहून गेलं?

“टाकू नका,” तो हळूच म्हणाला. “आमच्याकडेही असंच झालं होतं. कागद वाचतात. फ्रीझर आहे का कुठे?”

“कागदांना?” साहेबांनी डोळे वटारले.

“गोठवले की बुरशी धरत नाही. मग सवडीने थोडे थोडे वाळवायचे.”

हातापाया पडून मी प्रयोगशाळेतला फ्रीझर मिळवला. त्याने ओळखीपाळखीत फोन लावले. एका कॉलेजच्या रेकॉर्डवाल्या बाईंनी टिपकागद पाठवले आणि वर फोनवरून दमही दिला, “पंखा थेट पानांवर सोडू नका रे पोरांनो!”

नंतर कितीतरी दिवस तो सुटी काढून येत राहिला. आम्ही समोरासमोर बसून पानापानात टिपकागद सारायचो. एकदा एकाच पानावर दोघांची बोटं टेकली... आणि कुणीच ती पटकन मागे घेतली नाहीत.

“हळू—” तो म्हणाला.

“पानाला म्हणताय की मला?”

त्याचे कान लाल झाले.

काही पानं गेलीच. बाकीची मात्र वाचली. काम संपलं, तो परतला आणि खोली उगीचच मोठी वाटू लागली.

मग त्याचे फोन सुरू झाले. फायलींना क्रमांक कसा द्यायचा? विषय बदलला तर? दोरी पांढरी बांधायची की लाल?

“दोरीवाचून एवढं काय अडलंय त्याचं?” घरी आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली. “गाठ कुठे मारायची ते विचार म्हणावं सरळ!”

“आत्या!”

पुढे सगळ्या विद्यापीठांच्या रेकॉर्डवाल्यांची बैठक ठरली. आपापलं ज्ञान एकमेकांना द्यायचं म्हणून. भिजलेल्या कागदांबद्दल आम्ही दोघं मिळून बोललो. टाळ्या पडल्या. नंतर गॅलरीत तो कठड्याला टेकून उभा होता.

“एक कबूल करायचंय,” तो म्हणाला. “तुमची पद्धत ना... मला तुमच्याकडे असतानाच समजली होती. सगळी. फोनवरचे प्रश्न नुसते...”

“नुसते काय?”

“तुमचा आवाज ऐकायला. मला तुम्ही आवडता. फार.”

मला हसू आवरेना.

“मलाही एक कबूल करायचंय,” मी म्हणाले. “तुला पुन्हा फोन करावा लागावा म्हणून मी दर वेळी अर्धंच सांगत होते.”

तोही हसत सुटला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं...